फिरत्या तबकडीचा वेग

हार्ड डिस्कच्या वेष्टनावर क्षमतेचा आकडा ठळक छापलेला असतो आणि त्याच्या जवळपास कुठेतरी ‘सेकंदाला 6 गिगाबिट’ अशी नोंद असते; ती वाचून अनेक खरेदीदार हाच त्या डिस्कचा वेग आहे असे धरून चालतात. प्रत्यक्षात तो डिस्क आणि संगणक यांना जोडणाऱ्या साटा या जोडणीच्या वहनक्षमतेचा आकडा आहे. या जोडणीत माहितीच्या प्रत्येक 8 बिट्ससाठी 10 बिट्स पाठवावे लागतात, त्यामुळे 6 गिगाबिटांमधून सेकंदाला जास्तीत जास्त 600 मेगाबाइट माहिती जाऊ शकते, तर आजची 3.5 इंची चांगली हार्ड डिस्क सेकंदाला 250 ते 280 मेगाबाइटांच्या पुढे क्वचितच जाते. जोडणीची निम्मी वहनक्षमताही जिला पुरती वापरता येत नाही, तिचा वेग जोडणीवरून ठरत नाही हे उघड आहे. तबकडी किती वेगाने फिरते, तिच्यावर बिट्स किती दाटीने लिहिलेले आहेत आणि ते वाचणारी भुजा योग्य जागी किती वेळात पोहोचते, या तीन गोष्टींवर तो ठरतो. आणि गेल्या सात दशकांत या तिन्हींची प्रगती इतक्या विषम गतीने झाली की दोन डिस्कांमध्येच काय, एकाच डिस्कच्या दोन मोजण्यांमध्येही शेकडो पटींचा फरक पडू शकतो.

ही विषमता पाहण्यासाठी पहिल्या हार्ड डिस्कपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली आणि 1956 मध्ये बाजारात आलेली रॅमॅक ही यंत्रणा 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्यांवर सुमारे 50 लाख अक्षरे साठवत असे. तिच्या तबकड्या मिनिटाला 1,200 फेरे घेत, सेकंदाला सुमारे 8,800 अक्षरे वाचता येत आणि हवी ती नोंद सापडायला सरासरी 600 मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागे, कारण वाचणाऱ्या भुजेला एका तबकडीतून बाहेर येऊन, वर किंवा खाली सरकून, दुसऱ्या तबकडीत शिरावे लागे. आजची 20 टेराबाइटची डिस्क तिच्याशेजारी ठेवली तर क्षमता सुमारे 40 लाख पट झालेली दिसते आणि सलग वाचनाचा वेग 25 हजार पटींहून अधिक वाढलेला दिसतो. पण हवी ती नोंद सापडायला लागणारा वेळ जेमतेम पन्नासाव्या हिश्शावर आला आहे, आणि फेऱ्यांचा वेग तर मिनिटाला 7,200 म्हणजे केवळ सहा पट झाला आहे. क्षमता आणि वेग यांच्यातले हे वाढत गेलेले अंतर ध्यानात ठेवले की हार्ड डिस्कच्या वागण्यातल्या बहुतेक विचित्र वाटणाऱ्या गोष्टी उलगडू लागतात.

डिस्कच्या आत एका आसावर ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्या दोन्ही पृष्ठांवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. या थरावर समकेंद्री वर्तुळांत माहिती लिहिली जाते. अशा एका वर्तुळाला ट्रॅक म्हणतात आणि ट्रॅकच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याला सेक्टर. प्रत्येक पृष्ठासाठी एक हेड, म्हणजे लिहिणारा आणि वाचणारा सूक्ष्म भाग, भुजेच्या टोकाला असतो आणि फिरत्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर पृष्ठापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत राहतो. मिनिटाला 7,200 फेरे घेणारी तबकडी एका सेकंदात 120 वेळा फिरते, म्हणून एका फेऱ्यात एका ट्रॅकवर जितकी माहिती हेडखालून जाते तिच्या 120 पट माहिती सेकंदाला मिळते. सेकंदाला 250 मेगाबाइट देणाऱ्या डिस्कच्या सर्वांत बाहेरच्या ट्रॅकवर याचा अर्थ सुमारे 2 मेगाबाइट माहिती, म्हणजे 4,096 बाइटांचे पाचशेच्या आसपास सेक्टर असतात. सलग वाचनाचा सगळा हिशेब या एका गुणाकारात आहे.

या गुणाकारातला पहिला घटक, फेऱ्यांचा वेग, वाढवणे सर्वांत सरळ वाटते आणि काही काळ उत्पादकांनी तो वाढवलाही. 1980 मध्ये आलेल्या सीगेटच्या 5 मेगाबाइटच्या पहिल्या 5.25 इंची डिस्कचा वेग मिनिटाला 3,600 फेरे होता. याच कंपनीने 1992 मध्ये 7,200, 1996 मध्ये 10,000 आणि 2000 मध्ये 15,000 फेऱ्यांची डिस्क आणली. तिथे मात्र ही चढाई थांबली. फिरत्या तबकडीला हवेच्या घर्षणाविरुद्ध लागणारी ऊर्जा फेऱ्यांच्या वेगाच्या जवळजवळ तिसऱ्या घाताने आणि तबकडीच्या व्यासाच्या त्याहूनही मोठ्या घाताने वाढते, आणि या ऊर्जेचे रूपांतर उष्णतेत होते. म्हणून 15,000 फेऱ्यांच्या डिस्कांचे आवरण 3.5 इंची असले तरी आतल्या तबकड्या बऱ्याच लहान ठेवाव्या लागल्या. परिणामी तबकडीच्या कडेचा रेषीय वेग फेऱ्यांच्या प्रमाणात वाढला नाही आणि क्षमताही घटली. या महागड्या डिस्कांचा खरा लाभ सलग वाचनात नव्हता, तो नोंद चटकन सापडण्यात होता, आणि ते काम सेमीकंडक्टरवर आधारित एसएसडी कितीतरी चांगले करू लागल्यावर त्यांचे दिवस संपले.

लॅपटॉपमधली 2.5 इंची डिस्क मेजावरच्या संगणकातल्या डिस्कपेक्षा मंद का, याचेही उत्तर याच हिशेबात आहे. तिची तबकडी साधारण 65 मिलिमीटर व्यासाची असते आणि बहुधा मिनिटाला 5,400 फेरे घेते, त्यामुळे तिच्या कडेजवळचा पृष्ठभाग हेडखालून सेकंदाला सुमारे साडेसतरा मीटर वेगाने जातो, 3.5 इंची, 7,200 फेऱ्यांच्या डिस्कमध्ये हाच वेग सेकंदाला सुमारे 35 मीटर, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर असतो. बिट्सची दाटी दोन्हींत सारखी असली तरी लहान तबकडीवरून एका सेकंदात निम्मेच बिट्स हेडखालून जाणार.

दुसरा घटक, म्हणजे बिट्सची दाटी, हा खऱ्या अर्थाने हार्ड डिस्कच्या प्रगतीचा इतिहास आहे, आणि एकाच क्षमतेच्या, एकाच फेऱ्यांच्या दोन डिस्कांमध्ये जो फरक खरेदीदाराला कोड्यात टाकतो त्याचे मूळ बहुधा इथेच असते. 2007 मध्ये हिताची कंपनीने जगातली पहिली 1 टेराबाइटची डिस्क आणली, तेव्हा ती क्षमता गाठण्यासाठी प्रत्येकी 200 गिगाबाइटच्या पाच तबकड्या वापराव्या लागल्या होत्या आणि तिचा सलग वाचनाचा कमाल वेग सेकंदाला साधारण 85 मेगाबाइट होता. काही वर्षांनी सीगेटने तेवढीच माहिती एका तबकडीवर बसवली आणि त्या डिस्कचा कमाल वेग सुमारे 200 मेगाबाइट झाला. दोन्ही डिस्का 1 टेराबाइटच्या, दोन्ही 7,200 फेऱ्यांच्या, तरी दुसरीचा वेग पहिलीच्या दुपटीहून अधिक. इथे एक बारकावा फार मोलाचा आहे. तबकडीवरची दाटी पाच पट झाली होती, पण वेग पाच पट झाला नाही, कारण दाटी दोन दिशांनी वाढते: एकाच ट्रॅकवर बिट्स जवळजवळ येतात आणि दोन ट्रॅकही एकमेकांच्या जवळ येतात. यांपैकी पहिल्या वाढीमुळेच एका फेऱ्यात अधिक माहिती मिळते. ट्रॅक दाट झाल्याने क्षमता वाढते, पण हेडखालून एका वेळी एकच ट्रॅक जात असल्याने वेगाला काहीच लाभ होत नाही. दोन्ही दिशांची वाढ सारखी मानली तर वेग दाटीच्या वर्गमुळाने वाढावा, आणि पाचचे वर्गमूळ सव्वादोनच्या आसपास येते, जे या दोन डिस्कांच्या प्रत्यक्ष वेगांशी चांगले जुळते.

या वर्गमुळाचे परिणाम साध्या वापरापलीकडे जातात. 1 टेराबाइटची डिस्क सरासरी 150 मेगाबाइट वेगाने संपूर्ण वाचायला दोन तासांहून थोडा कमी वेळ लागतो. 20 टेराबाइटची डिस्क सरासरी 200 मेगाबाइट वेगाने वाचायला 1 लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ 28 तास लागतात. मोठ्या माहितीकेंद्रांत अनेक डिस्कांचा समूह करून एक बिघडली तर उरलेल्यांच्या आधारे तिची माहिती नव्या डिस्कवर पुन्हा उभी करण्याची व्यवस्था असते, आणि जी उभारणी पूर्वी काही तासांत होत असे तिला आता दिवसाहून अधिक काळ लागतो. तेवढ्या काळात आणखी एक डिस्क बिघडण्याची शक्यता वाढते, म्हणून दोन डिस्का एकदम गेल्या तरी माहिती टिकेल अशा रचना रूढ झाल्या. क्षमतेच्या आकड्यांनी हरखून जाणाऱ्या जाहिरातींमध्ये या बाजूचा उल्लेख नसतो, आणि तो असायला हवा.

दाटी वाढवण्याच्या या प्रवासात भौतिकशास्त्राचा वाटा फार मोठा आहे. बिट जसजसा लहान होतो तसतसे त्याचे चुंबकत्व क्षीण होत जाते आणि ते ओळखणारा हेड अधिक संवेदनशील असावा लागतो. फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्र्युनबर्ग यांनी 1988 मध्ये स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की चुंबकीय आणि अचुंबकीय धातूंचे अणूंच्या जाडीचे थर एकावर एक रचले तर बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रातील छोट्याशा बदलाने त्यांचा विद्युतरोध लक्षणीय बदलतो. आयबीएमने 1997 मध्ये या परिणामावर आधारलेला हेड डिस्कमध्ये आणला आणि 2007 मध्ये फेर व ग्र्युनबर्ग यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगशाळेतला एक मूलभूत शोध दशकभराच्या आत घराघरांतल्या संगणकात पोहोचल्याची इतकी देखणी उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात फारशी नाहीत. पुढे 2005 पासून बिट्स तबकडीच्या पृष्ठावर आडवे न ठेवता उभे ठेवण्याची पद्धत आली. जपानच्या शुनिची इवासाकी यांनी तिचा पाठपुरावा 1970 च्या दशकापासून केला होता.

एकच डिस्क सुरुवातीला वेगवान आणि भरत आली की मंद का होते, या प्रश्नाचे उत्तर भूमितीत आहे. तबकडी सर्वत्र सारख्याच फेऱ्यांनी फिरते, पण बाहेरच्या ट्रॅकचा परिघ आतल्या ट्रॅकच्या दुपटीच्या आसपास असतो, म्हणून दाटी सारखी ठेवली तर बाहेरच्या ट्रॅकवर दुप्पट सेक्टर मावतात. जुन्या डिस्कांमध्ये सोयीसाठी सर्व ट्रॅकांवर सारखेच सेक्टर ठेवले जात आणि बाहेरची जागा वाया जाई. नंतर तबकडीचे अनेक पट्टे पाडून बाहेरच्या पट्ट्यांत अधिक सेक्टर ठेवण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. डिस्कची भरणी सर्वसाधारणपणे बाहेरून आत होत असल्याने नव्या डिस्कवर सेकंदाला 250 मेगाबाइट मिळतात आणि शेवटच्या भागात तीच डिस्क 120-130 वर उतरते. यात बिघाड काही नाही. ज्या मापनात डिस्कचा कोणता भाग मोजला हे सांगितलेले नाही, ते मापन अपुरे समजावे.

तबकड्या आणि हेड जास्त असले तर वेगही तितक्या पटीने वाढावा, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तसे होत नाही. सगळे हेड एकाच भुजासमूहावर बसलेले असतात आणि एकदमच हलतात, तर आजच्या डिस्कांत दोन शेजारच्या ट्रॅकांमधले अंतर 50 ते 60 नॅनोमीटरच्या आसपास आले आहे. उष्णतेने धातू किंचित प्रसरण पावला किंवा डिस्क थोडी थरथरली तरी एक हेड आपल्या ट्रॅकवर नेमका असताना दुसरा त्याच्या ट्रॅकवरून घसरलेला असतो. म्हणून एका वेळी एकाच हेडकडून काम घेतले जाते.

तिसरा घटक म्हणजे भुजेची हालचाल, आणि सलग वाचनात झाकून राहणारा हा घटक विखुरलेल्या माहितीच्या वाचनात सगळ्यांवर मात करतो. भुजा हव्या त्या ट्रॅकवर नेऊन स्थिर करायला 7,200 फेऱ्यांच्या डिस्कमध्ये सरासरी साडेआठ मिलिसेकंद लागतात. तिथे पोहोचल्यावर हवा तो सेक्टर फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे आणखी 4.17 मिलिसेकंद थांबावे लागते. हे पावणेतेरा मिलिसेकंद खर्च करून 4 किलोबाइटचा एक छोटा तुकडा वाचला तर सेकंदाला असे 79 तुकडे वाचून होतात आणि एकूण वेग सेकंदाला फक्त 0.3 मेगाबाइट भरतो. तीच डिस्क, तीच तबकडी, पण एका कामात 250 मेगाबाइट आणि दुसऱ्या कामात 0.3. हजारो छोटी छायाचित्रे कॉपी करायला एका मोठ्या चित्रपटापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, संगणक सुरू होताना डिस्कची घरघर थांबत नाही, किंवा फाइलचे तुकडे इतस्ततः विखुरले की यंत्र संथ होते, या सगळ्यांमागे हाच हिशेब आहे. 15,000 फेऱ्यांच्या डिस्का भुजेचा वेळ साडेतीन-चार मिलिसेकंदांवर आणि अर्ध्या फेऱ्याचा 2 मिलिसेकंदांवर आणत, तरीही त्यांची मजल सेकंदाला 170-180 तुकड्यांपर्यंतच जाई. संगणकाने मागितलेल्या अनेक नोंदी रांगेत घेऊन भुजेला कमीत कमी फिरावे लागेल अशा क्रमाने त्या वाचण्याची सोय साटा डिस्कांत आहे आणि या रांगेत 32 मागण्या मावतात. त्याने सुधारणा होते, पण हलत्या भागाची मर्यादा पुसली जात नाही.

आतापर्यंतचे विवेचन वाचनाला धरून होते. लेखनाच्या काही गोष्टी वेगळ्या आहेत. वाचताना हेड ट्रॅकच्या मध्यापासून किंचित बाजूला असला तर फार तर वाचन चुकते आणि पुढच्या फेऱ्यात पुन्हा करता येते, पण लिहिताना तो सरकला तर शेजारच्या ट्रॅकवरची माहिती कायमची पुसली जाते. त्यामुळे लेखनापूर्वी भुजा अधिक काटेकोरपणे स्थिर व्हावी लागते, आणि उत्पादकांच्या तपशीलपत्रात वाचनासाठी 8.5 तर लेखनासाठी 9.5 मिलिसेकंद असे वेगळे आकडे दिसतात. उलट, डिस्कमधल्या तात्पुरत्या इलेक्ट्रॉनिक स्मृतीत माहिती आली की ‘लिहून झाले’ असे संगणकाला कळवले जात असल्याने छोट्या फाइलींचे लेखन वाचनापेक्षाही वेगवान भासते. ही स्मृती आजच्या मोठ्या डिस्कांत बहुधा 256 किंवा 512 मेगाबाइटची असते, म्हणून त्याहून लहान फाइल लिहून काढलेला वेग तबकडीचा मानता येत नाही.

सेक्टरचा आकार 512 बाइटांवरून 4,096 बाइटांवर नेण्याचा बदल 2011 च्या सुमारास सर्वत्र झाला, तेव्हा लेखनातली आणखी एक अडचण पुढे आली. जुन्या प्रणालींशी जुळवून घेण्यासाठी अशा डिस्का बाहेरून 512 बाइटांचेच सेक्टर दाखवत, पण विंडोज एक्सपी डिस्कवरचा पहिला विभाग 63 व्या लहान सेक्टरपासून सुरू करत असे आणि 63 ला 8 ने भाग जात नाही. परिणामी प्रणालीचा प्रत्येक 4 किलोबाइटचा ठोकळा तबकडीवरच्या दोन खऱ्या सेक्टरांवर पसरे, आणि तो लिहिण्यासाठी डिस्कला आधी दोन्ही सेक्टर वाचावे लागत, त्यात बदल करावा लागे आणि एक पूर्ण फेरा थांबून ते परत लिहावे लागत. विभागाची सुरुवात योग्य जागी आणली की तीच डिस्क पूर्ववत चाले.

लेखनाच्या वेगात सर्वांत मोठी दरी मात्र 2013 पासून बाजारात आलेल्या एका पद्धतीने पाडली. लिहिणारा हेड वाचणाऱ्या हेडपेक्षा रुंद असतो, म्हणजे लिहिलेल्या ट्रॅकची पूर्ण रुंदी वाचनासाठी लागत नाही. हे हेरून प्रत्येक नवा ट्रॅक आधीच्या ट्रॅकची एक बाजू झाकत लिहिला जाऊ लागला, जशी छपरावर कौलांची एक ओळ खालच्या ओळीची कड झाकत बसवतात. यामुळे तेवढ्याच तबकडीवर अधिक माहिती मावते आणि वाचनावर विशेष परिणाम होत नाही. पण मधले एक कौल बदलायचे तर त्याच्या वरच्या ओळी उचलाव्या लागतात, तसेच मधला एक ट्रॅक बदलायचा तर त्याच्यापुढचे सगळे ट्रॅक, पट्टा संपेपर्यंत, पुन्हा लिहावे लागतात. डिस्क हे काम लांबणीवर टाकण्यासाठी नवी माहिती आधी तबकडीच्या राखीव भागात ठेवते आणि निवांत वेळी योग्य जागी हलवते. मात्र लेखन तासन्‌तास सलग चालू राहिले की राखीव भाग भरतो आणि वेग एकाएकी कोसळतो. जुनी माहिती जपून ठेवायला ही पद्धत उत्तम आहे, पण सतत लेखन होणाऱ्या डिस्कसमूहांत ती घातक ठरू शकते. 2020 मध्ये मोठ्या उत्पादकांनी काही डिस्कांत ती ग्राहकांना स्पष्ट न सांगता वापरल्याचे उघड झाले, आणि त्यावर उठलेला संताप पूर्णपणे रास्त होता. ज्या गुणधर्मावरून वस्तूचा उपयोग ठरतो तो गुणधर्म लपवणे हे कोणत्याही तांत्रिक कारणाने समर्थनीय होत नाही.

वेग अकारण घटलेला वाटतो अशा काही प्रसंगी कारण डिस्कच्या बाहेर असते. जुन्या यूएसबी 2.0 जोडणीतून सेकंदाला प्रत्यक्षात 30 ते 40 मेगाबाइटच जातात, तेव्हा मात्र जोडणीच अडसर ठरते. कंपनेही तितकीच परिणामकारक असतात. ब्रेंडन ग्रेग हे सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत असताना त्यांनी 2008 मध्ये चालू डिस्कांच्या मांडणीसमोर मोठ्याने ओरडून दाखवले, तेव्हा प्रतिसादाला लागणारा वेळ त्या क्षणी झपकन वाढलेला आलेखावर स्पष्ट दिसला. आणि एखादा भाग पुन्हा पुन्हा वाचताना डिस्क अडखळत असेल, तर पृष्ठभागावरचे सेक्टर निकामी होऊ लागल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी वेग मोजत बसण्याऐवजी आधी माहितीची प्रत काढून घ्यावी.

एसएसडीमध्ये हलणारा भागच नसल्याने तिथे विखुरलेले छोटे तुकडे सेकंदाला हजारोंच्या, लाखोंच्या संख्येने वाचले जातात, आणि रोजच्या वापराच्या संगणकांतून हार्ड डिस्क जवळपास हद्दपार झाली आहे. मोठ्या साठ्यांसाठी मात्र दर टेराबाइटची किंमत कमी असल्याने ती अजून टिकून आहे, आणि तिथे उत्पादकांचे प्रयत्न दोन दिशांनी चालले आहेत. 2013 पासून डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम भरला जाऊ लागला. त्याची घनता हवेच्या सातव्या हिश्शाइतकी असल्याने घर्षण व थरथर कमी होऊन अधिक तबकड्या बसवता आल्या, आणि 2024 मध्ये सीगेटने लेखनाच्या क्षणी लेझरने पृष्ठ तापवून एका तबकडीवर 3 टेराबाइटांहून अधिक माहिती बसवणाऱ्या डिस्का आणल्या. या वाटेने क्षमता वाढते, वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. दुसरी वाट वेगाची आहे: एकाच आवरणात स्वतंत्रपणे हलणारे दोन भुजासमूह ठेवायचे आणि प्रत्येकाकडे निम्मे हेड सोपवायचे. सीगेटच्या अशा 14 टेराबाइटच्या डिस्कचा सलग वेग सेकंदाला 500 मेगाबाइटांच्या पुढे गेला, विखुरलेल्या तुकड्यांचे वाचनही जवळपास दुप्पट झाले, आणि सर्व्हरला ती एका डिस्कऐवजी प्रत्येकी 7 टेराबाइटच्या दोन डिस्का म्हणून दिसते.